लाद्यावाला कॅमेरा आणि बाबांचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. समारंभात मिरवणाऱ्यांपैकी नव्हे, दुर्बिणीला जोडून तारे टिपणाऱ्यांपैकी. माझ्या पोटात प्रकाश झेलणारे चौकोन आहेत, त्यांना पिक्सेल म्हणतात. माझे चौकोन चांगले ऐसपैस आहेत, आणि त्यावरूनच मी बोलणी खाल्ली.

आमच्या घरचे बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, मला आधी आखूड दुर्बिणीला जोडलं. तिथे आख्खा तारा माझ्या एकाच चौकोनात मावायचा आणि फोटोत चौकोनीच दिसायचा. शेजारचे काका म्हणाले, "आकाशात लाद्या बसवल्यात की काय?" झालं! मी लाद्यावाला ठरलो आणि माझी रवानगी कपाटात झाली. असा राग आला होता म्हणून सांगू!

मग बारीक चौकोनांचा नवा कॅमेरा आला. बाबांनी स्वतः आरसा घासून लांब दुर्बीण केली होती, तिला तो जोडला. पण तारे फुगलेले आणि फिकट दिसले. दरवेळी तेच. बाबांचा चेहरा उतरला.

"आरशातच खोट आहे. पुन्हा घासतो."

कपाटात माझ्या काळजात धस्स झालं. बाबांचे हात आता थरथरायचे. आरसा एकदा घासायला घेतला की आधीचा आकार गेलाच, आणि तो परत साधणं त्यांच्या हातांना जमणार नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी गच्चीवर पाण्याची बादली आणि घासायची पूड तयार होती. दुर्बिणीतून आरसा काढायला बाबांनी पाना उचलला. तेवढ्यात ताई मला घेऊन धावत आली.

"बाबा, थांबा! कालचा फोटो मी लहान करून पाहिला. तारे अगदी नीट दिसतात."

"आता काय, लाद्या बघायच्या?"

"अहो, हवेमुळे तारा थोडा पसरतोच. लांब दुर्बीण तो आणखी मोठा करते. नव्याचे चौकोन इतके बारीक, की एका ताऱ्याचा उजेड ढीगभर चौकोनांत वाटला जातो. याला एकदा लावू द्या ना!"

पहिला तारा उगवला होता, पण मागून ढग चढत होते. ताईने मला घाईघाईने लांब दुर्बिणीला जोडलं, तर फोकस जुळेना. बाबांनी पाना खाली ठेवलाच नव्हता. माझा तर जीव टांगणीला! ढगाची कड जवळ आली, तोच फोकस जुळला आणि मी मिळेल तेवढा उजेड गटागट पिऊन घेतला.

पडद्यावर तारा आला. लहान, गोल, लखलखीत.

बाबांनी पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझा आरसा चांगला होता."

"चांगलाच होता, बाबा," ताई म्हणाली. तिला रडू आवरेना.

नवा आता आखूड दुर्बिणीवर सुखात आहे, मी लांब दुर्बिणीवर. मित्रांनो, एखाद्याचं काम बिघडलं तर त्याला घासायला घेण्याआधी जोडी जमलीय का तेवढं बघा. आणि आमच्यासारख्यांना कोरड्या जागी ठेवा, एवढीच विनंती.

ती बादली? तिच्यात आता फरशी पुसायचं पाणी असतं.