पाहुण्यांनी उपटलेला भुईमूग

कामाला येणाऱ्या चारही बायका त्या दिवशी आल्या नाहीत, आभाळ मात्र वेळेवर आलं. सकाळी आठलाच टेकडीमागून काळे ढग वर चढायला लागले. भुईमूग उपटायला झालेला. आणखी एक मोठा पाऊस बसला असता तर शेंगांना मातीतच मोड आले असते. शेतात आम्ही दोघंच, त्यात ह्यांची कंबर धरलेली. हे एक डहाळा उपटायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि वर बघायचे.

"वर बघून ढग थांबतात होय?" मी म्हटलं.

"खाली बघितलं की किती राहिलंय ते दिसतं. म्हणून वर बघतो."

तेवढ्यात बांधाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून एकामागून एक नऊ माणसं उतरली. सगळी आमच्याच गावची, पण गाव सोडून गेलेली. कुणी तीस वर्षांपूर्वी, कुणी चाळीस. दोन महिन्यांपूर्वी ह्या मंडळींनी फोनवर एक ग्रुप काढला होता. ह्यांनाही त्यात घेतलेलं, त्यामुळे आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ आठवणींचा पूर. गावचं पाणी किती गोड, गावची हवा म्हणजे नुसतं औषध, आणि आपल्या वेळी चार पोरं मिळून अख्खं शेत दुपारच्या आत मोकळं करायची. ते गोड पाणी मी वीस वर्षं डोक्यावरून वाहिलंय. चव घ्यायला कधी सवड झाली नाही.

पुढारी होते रिटायर झालेले इंजिनिअर. लहानपणापासून जाड चष्मा, म्हणून गाव त्यांना डबल बॅटरीच म्हणायचं. त्यांच्यामागून शिंपीभाऊ, शहरात मोठं दुकान थाटलेले. आणि सगळ्यात शेवटी, गाडीची दांडी धरून, माझी नणंद.

सासूबाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिनं गावात पाऊल टाकलं नव्हतं. फोन यायचा तो भावाला. माझ्याशी "बरी आहेस ना" आणि "ठेवते." ग्रुपवर मात्र लांबच लांब लिहायची, अंगणातल्या दगडापर्यंत सगळं.

मंडळी बांधावर उभी राहिली, फोटो झाले, आणि जुनी विहीर कुठं होती ह्यावरून जुंपली. डबल बॅटरी म्हणे, त्या आंब्यापलीकडं. शिंपीभाऊ म्हणे, अलीकडं.

"अरे, मी पडलोय त्या विहिरीत! मला माहीत नसणार?"

"पडताना डोळे मिटले होतेस तू."

मी शेतातूनच ओरडले, "भाऊजी, तुम्ही दोघं तिच्यावरच उभे आहात. बुजवून बारा वर्षं झाली."

दोघांनीही पायाखाली बघितलं. मग डबल बॅटरी हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही नंतर आलात. तुम्हाला आमच्या वेळचं नाही कळायचं."

लागलं मला ते. एकतीस वर्षं ह्या मातीत हात घालतेय, तरी मी नंतरची. पण हातातला डहाळा झटकत गोड आवाजात म्हटलं, "खरंच की. मग दाखवा तरी आम्हाला. चौघं मिळून अख्खं शेत मोकळं करायचात ना? आज तर नऊ आहात."

बांधावर कुणी घड्याळ बघितलं, कुणी आपले बूट.

"ती नंतर आली आणि मी आधी गेले," माझी नणंद म्हणाली, "दोघींची लग्नं एकाच महिन्यात झाली." तिनं चपला बांधावर काढल्या, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि सरळ माझ्या सरीत येऊन वाकली. मग बाकीच्यांना काही इलाज राहिला नाही.

काय सांगू तुम्हाला ती मजा! शिंपीभाऊंनी पहिला डहाळा असा हिसडला की पाला हातात आला आणि शेंगा जागेवर राहिल्या.

"शिंपीभाऊ, पाला नको आम्हाला."

"वहिनी, बटण ओढावं आणि दोराच हातात यावा तसं झालं बघा."

"मुळाशी धरा. सरळ ओढा. घाई करू नका, ते काही पळत नाहीत."

डबल बॅटरी मध्येच उभे राहून सांगत होते, "दोन गट करा. एकानं उपटायचं, एकानं गोळा करायचं."

"भाऊजी, गटात एक माणूस कमी पडतंय."

"कोण?"

"तुम्ही."

हे कंबर विसरून हसले. डबल बॅटरी वाकले. वाकताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं बांधावरची टिटवी उडाली.

पण अर्ध्या तासात हात बसले हो सगळ्यांचे. लहानपणी शिकलेलं अंगात कुठंतरी असतंच. माती झटकून शेंगा वर करून डहाळे पालथे पडायला लागले. मी आणि नणंद एकाच सरीत, ती डावीकडून, मी उजवीकडून.

अर्धी सरी झाल्यावर मीच विचारलं, "वन्सं, नऊ वर्षं का नाही आलात?"

"बोलावलं होतं कुणी?"

"स्वतःच्या घरी यायला बोलावणं लागतं?"

तिनं एक डहाळा गरजेपेक्षा जास्तच झटकला. "आईचं सगळं उरकून मी निघाले, तेव्हा तू दारात उभी होतीस. आठवतंय? म्हणालीस, येत जा. आई कधी असं म्हणाली नव्हती. ती म्हणायची, आजच कशाला जातेस. तुझं ते येत जा ऐकलं आणि वाटलं, झाले मी पाहुणी."

मी थांबलेच. तो दिवस मला आठवत होता. घरात चाळीस माणसांची भांडी पडलेली, दोन रात्री झोप नाही. तोंडातून काय निघालं ते मलाही माहीत नव्हतं.

"आणि मी काय समजत होते सांगू? सासूबाई होत्या तोवर हिचं माहेर, आता माझ्यासाठी कशाला येईल, शहरात राहून हिला माज आलाय."

"माज?" ती सरळ उभी राहिली. "अगं, दोन खोल्यांत राहते मी. खिडकीत कुंडी ठेवायची तर शेजारणीला विचारावं लागतं. माज कुठं ठेवू?"

दोघींनाही हसू आलं. हसताना तिचे डोळे भरले. तिनं पुसले, आणि मातीचा हात गालावर लागला. मी सांगितलं नाही. छान दिसत होतं.

अकराच्या सुमाराला वारा सुटला. "आवरा!" हे ओरडले. डहाळ्यांचे ढीग एका जागी ओढले, वरून ताडपत्री टाकली, तर वाऱ्यानं ती पतंगासारखी वर. दगड आणायला वेळ नव्हता. मग नऊच्या नऊ माणसं ताडपत्रीच्या कडांवर बसली आणि पाऊस सुरू झाला.

"डबल बॅटरी," शिंपीभाऊ भिजत म्हणाले, "तुझ्या वजनाचा गावाला आज पहिल्यांदा उपयोग झाला."

अर्धा तास सगळे तसेच बसून होते. चष्म्यावरून पाणी गळतंय, केस कपाळाला चिकटलेत, आणि शाळेतल्या गुरुजींच्या नकला चालल्यात. पाऊस ओसरल्यावर मी ताडपत्री उचलून हात आत घातला. शेंगा कोरड्या होत्या.

घरी चहा झाला. उरलेल्या सहा सऱ्या तेवढ्या ओल्या झाल्या होत्या, पण पाणी खोल गेलं नव्हतं. उद्या निघाल्या असत्या. चार वाजता गाडी निघायला झाली. मी दारात आले खरी, पण काय बोलावं ते सुचेना. एक एक शब्द तपासून बघत होते, तोवर नणंद ड्रायव्हरला म्हणाली, "माझी पिशवी काढा. सहा सऱ्या राहिल्यात."

"तुमच्याशिवाय निघणार नाहीत का त्या?" डबल बॅटरींनी विचारलं.

"निघतील. पण उद्या ही मला नावं ठेवेल, आणि मला ऐकू येणार नाही."

गाडी गेली. बाईनं मुक्कामाचं काही आणलंच नव्हतं. अंगावरचे कपडे चिखलानं माखलेले. मी माझा नवा गाऊन काढून दिला. ती घालून आरशापुढे गेली. छातीपासून घोट्यापर्यंत एवढाली सूर्यफुलं.

"वहिनी, हा कुणी निवडला गं?"

"तुमच्या भावानं."

"तरीच. लोकांच्या अंगावर शेत पेरायची हौस ह्याला लहानपणापासून."

सकाळी उजाडताना मी चहाची किटली घेऊन शेतात गेले, तर सूर्यफुलं आधीच सरीत वाकलेली. निम्मी सरी उपटून झाली होती. कालच्या माझ्या ढिगातला एक डहाळा हातात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "माती नीट झटकत नाहीस तू. एकतीस वर्षं काय केलंस इथं?"