बिजागरीचं तेल

गोडबोल्याची जीभ साखरेत घोळलेली. त्याने लुबाडलेली माणसंसुद्धा त्याला दारापर्यंत पोचवायला यायची. अशा माणसाला नजर मंदावलेल्या एका म्हातारीच्या घरात शिरायला कितीसा वेळ लागणार? "मावशी, तुमच्या चुलतबहिणीच्या जावेचा मी मुलगा," एवढंच म्हणाला. इतकं लांबचं नातं तपासायला बसतो कोण? जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या मावशीने त्याला मागची खोली देऊन टाकली.

त्याचा डोळा तिच्या लाकडी कपाटावर होता. आत नवऱ्याचं सोन्याचं घड्याळ आहे, हे तिनेच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. पण कपाटाचं दार असं कुरकुरायचं की शेजाऱ्यालाही ऐकू जावं. गोडबोल्या कामाला पक्का. कुठेही हात घालण्याआधी तो बिजागऱ्यांना तेल द्यायचा. दुसऱ्याच दिवशी मावशीच्याच शिलाई मशीनचं तेल घेऊन त्याने ते उरकलं, आणि मग घाई केली नाही.

तिथेच चुकलं. तो तिला पेपर वाचून दाखवू लागला, सुईत दोरा ओवून देऊ लागला. "जेवलास का?" असं विचारणारं त्याला कित्येक वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. ते आवडायला लागलं, याचा त्याला रागच आला. गुरुवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी निघालो नाही तर इथेच अडकू, हे त्याने ओळखलं.

मंगळवारी दुपारी मावशी खुर्चीत पेंगत होती. कपाटाचं दार निमूट उघडलं. चादरी, लोकरीचे गुंडे, बटणांचे डबे. घड्याळ नव्हतं.

"तिथे नाही ते," मावशी डोळे मिटूनच म्हणाली.

त्याने दार हळूच लोटलं.

"नीट दिसेनासं झाल्यापासून त्या दाराला मी मुद्दाम तेल घातलं नाही. कुणी उघडलं की कळायचं. तू आलास आणि तिसऱ्या दिवशी बघते तर दार मुकं."

"मग घड्याळ?"

"तुझ्या उशीत शिवलंय. बारा दिवस त्यावरच झोपतोयस. दोरासुद्धा तूच ओवून दिलास. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"पोलिसांना का नाही बोलावलंत?"

"बोलावणार होते. पण सहीला घरचं माणूस असल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. माझं आहे कोण? घड्याळ ने हवं तर. फक्त गुरुवारनंतर जा."

बुधवारी त्याने उशी उसवली, घड्याळ खिशात टाकलं आणि बस स्टँड गाठला. तीन गाड्या त्याच्यासमोरून गेल्या. तो बाकावरून उठला नाही.

गुरुवारी हॉस्पिटलच्या खिडकीशी कारकून मावशीला तेच तेच विचारत होता, "सोबत कोण आहे?" "येईल," ती म्हणत होती. तिची मूठ पदराशी घट्ट आवळलेली होती.

कुणीतरी ती मूठ सोडवली आणि आत घड्याळ ठेवलं. मग गोडबोल्याने कागद पुढे ओढला आणि कित्येक वर्षांनी आपलं खरं नाव लिहिलं.

"पेशंटचे कोण लागता?" कारकुनाने विचारलं.

जन्मात पहिल्यांदाच त्याची जीभ अडखळली.

"भाचा आहे माझा," मावशी म्हणाली. "सख्खा."

इतकं सफाईदार खोटं त्यालाही कधी जमलं नव्हतं.