सोमवारच्या रेघा

खाजामियाँनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि उलटा करून पाहिला. हात पांढरा झाला होता.

"माणिकप्पा, रेघा कुठं हायत?"

माणिकप्पा गावचे कीर्तनकार. सोमवारच्या कीर्तनासाठी गळ्यात वीणा अडकवूनच आले होते. उभ्याउभ्या तासन्‌तास शिवकथा रंगवणारा हा माणूस आता नुसता वीणेची खुंटी पिळत राहिला. खांबाआड त्यांची भावजय इरम्मा पदर दातात धरून उभी होती.

खाजामियाँ सरकारी ओव्हरसियर. गेल्या चैत्रात ते माकणीच्या अलीकडच्या या गावी आले, तेव्हा महादेवाच्या सभामंडपाला भेग पडलेली. मंडप पाडायचा हुकूम निघण्याच्या बेतात होता, आणि निजामाच्या मोंगलाईत एकदा शिक्का बसला की तो उठत नसे. माणिकप्पा तेव्हा म्हणाले होते, "साहेब, ही काळी जमीन. उन्हाळ्यात फाटती, पावसात मिटती. भिंत बी तिच्यासंगं हलत असंल."

खाजामियाँना ते पटण्यासारखं वाटलं. पण नुसत्या वाटण्यावर मंडप राखता येत नाही. भेग दरसाल वाढत असेल, तर घुमट एक दिवस कीर्तनाला बसलेल्यांवरच यायचा. त्यांनी आपल्या जबाबदारीवर सालभराची मुदत घेतली. लोहाराकडून एक निमुळती लोखंडी पाचर करवून घेतली. कीर्तन तोवर बाहेर अंगणात व्हायचं. ते संपलं की आरतीआधी पाचर भेगेत सोडायची. जेवढी आत जाईल तेवढ्या लांबीची गेरूची रेघ शेजारी भिंतीवर मारायची. ज्या घरचा प्रसाद, त्या घरचा रेघेचा मान.

बघता बघता पाचरीला भस्माचे पट्टे लागले. पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारू लागल्या, "पाचर काय म्हणती?" श्रावणात रेघ नखाएवढी झाली, तेव्हा त्या सोमवारचा मानकरी धुळाप्पानं गावाला गूळ वाटला होता.

आणि मुदतीला महिनाभर उरला असताना, महाशिवरात्रीला, इरम्मानं ती सगळी भिंत चुन्यानं रंगवून काढली. कोऱ्या चुन्यावर रेघ मारायला मग कुणी धजलं नाही.

"देवाची भिंत," ती खांबाआडूनच बोलली. "सणाला आपलं घर उजळायचं आन् देवाला रेघोट्यांत ठिवायचं? जीवाला बरं वाटंना."

"भाबी, सालभराची साक्ष पुसली तुम्ही." खाजामियाँचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "आजची एकटी रेघ घेऊन मी काय सांगू? भेग गेल्या चैत्राएवढीच हाय की वाढली, हे कशावरून?"

"लिवा की साहेब, तेवढीच हाय म्हणून," धुळाप्पा म्हणाला. "महादेव साक्षीला हाय."

"अन् घुमट आला तर खाली तूच बसलेला असशील. पयल्या रांगेत."

इरम्मानं डोळ्यांना पदर लावला.

"म्या तरी काय करू? पयला हात दिला, तरी मेल्या दिसतच हुत्या. म्हणून दुसरा दिला. ओल्यात तवा बी दिसत हुत्या. वाळल्यावर गेल्या."

खाजामियाँनी मान वर केली. "ओल्यात दिसत होत्या?"

"व्हय."

"पाणी आणा."

इरम्मा धावत गाभाऱ्याकडे गेली आणि समोर होती ती अभिषेकाची घागर उचलून आली. खाजामियाँनी हात मागे घेतला. "तुम्हीच ओता."

तिनं तांब्यातांब्यानं वरून पाणी सोडलं. चुना पाणी प्याला, करडा झाला, आणि त्याच्या पोटातून एकेक फिकट लाल रेघ वर आली. डावीकडे चैत्राच्या लांबच लांब. मग आखूड होत गेलेल्या. श्रावणातल्या जेमतेम दिसणाऱ्या. तिथून पुन्हा वाढत चाललेल्या.

"ही आमच्या घरची," धुळाप्पा हळूच म्हणाला. "गुळाची."

शिवरात्रीच्या पुढं भिंत मोकळी होती. खाजामियाँनी पाचर भेगेत सोडली. ती अडली तिथं अंगठा दाबून धरला, बाहेर काढली आणि गेल्या चैत्राच्या पहिल्या रेघेवर ठेवली. मग परत भेगेत सोडली, परत ठेवली. भिंत वाळायच्या आत त्यांनी सगळ्या रेघा कागदावर उतरवून घेतल्या.

"साहेब," माणिकप्पांनी शेवटी विचारलं, "पाचर काय म्हणती?"

खाजामियाँनी कागदाची घडी खिशात घातली. ते भेगेखाली गेले, मांडी घालून बसले आणि त्याच भिंतीला पाठ टेकली.

"अंगणात ऊन लई हाय," ते म्हणाले. "कीर्तन हितंच होऊ द्या. पाचर मात्र बंद करायची न्हाय, दर सोमवारी घालायची. अन् आजची रेघ भाबींची."

इरम्मानं गेरूची वाटी आणली, भिंतीला हात लावून पाहिला. "ओली हाय अजून. वाळू द्या," म्हणाली, आणि वाटी मांडीवर धरून बायकांत बसली.

माणिकप्पांनी वीणा छेडली. सालभर उघड्यावर विरून जाणारा सूर घुमटाला जाऊन भिडला आणि दुप्पट होऊन खाली आला. माणसं अंगणातून आत येऊ लागली, दाटीवाटीनं बसू लागली. धुळाप्पा पहिल्या रांगेत. भिंत वाळत गेली तशा रेघा एकेक करून पुन्हा चुन्याखाली गेल्या. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.