हाडबाबांनी वाढवलेला पाय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर हाडबाबांनी चार वर्षांच्या चिमीला खुर्चीत बसवलं, तिच्या टाचा तळहातांवर घेतल्या आणि आरोळी ठोकली, "बघा, डावा आखूड! डॉक्टर म्हणतात कापा, मी म्हणतो वाढ रे बाळा, वाढ!"

आणि डावा पाय सरकत सरकत उजव्याच्या बरोबरीला आला! टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा पोरीच्या कानाशी लागले, तेव्हा ते आशीर्वादच देताहेत असं सगळ्यांना वाटलं. मग ती आईकडे चालत आली, फारशी न लंगडता.

चिमीच्या खुब्याचा गोळा जन्मापासून वाटीबाहेर होता. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. घरी आल्यावर आई ती रद्द करायला निघाली.

"अगं, तारीख तरी राहू दे," नवरा म्हणाला.

"पोरीवर सुरी चालवायची हौस आहे का तुम्हाला?" आई कडाडली. तारीख रद्द झाली.

चिमी डाव्या पायाने चवड्यावर चालते, हे आईला दिसत होतं. बाबांकडे उत्तर तयार होतं, "नवा पाय आहे, माई. त्याची अजून जमिनीशी ओळख व्हायचीय!" या ओळखीत तीन वर्षं गेली. मग चिमीला जिने चढवेनात, तेव्हा आई मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी चिमीला आडवं झोपवून दोन्ही गुडघे दुमडले. डावा चांगलाच खाली राहिला, म्हणजे पाय अजून आखूडच होता.

"पण मी डोळ्यांनी पाहिलं हो!"

बाईंनी आईलाच खुर्चीत बसवलं, टाचा धरून पाय जरा एका बाजूला नेले. आईचा एक पाय लांब झाला! परत सरळ केले, तसे दोन्ही सारखे. "पाय वाढत नाही. खुर्चीत कंबर तिरकी होते, एवढंच."

"मग ती चालली कशी?"

चिमीच म्हणाली, "हाडबाबांनी कानात सांगितलं, टाच टेकवलीस तर आई रडेल. म्हणून मी टेकवतच नाही."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "शस्त्रक्रिया करू. पण आता हाड जास्त कापावं लागेल, आणि लंगडणं पुरतं जाईल असा शब्द मला देता येत नाही."

आईला हुंदका आवरेना. चिमी घाबरून स्वतःच्या पायाकडे बघू लागली. "आई, टेकवली नाही गं मी! खरंच नाही टेकवली!"

हाडबाबांचे कार्यक्रम अजून जोरात चालू आहेत. तुम्ही तिथे गेलात, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच म्हणा, की पोराला आडवं झोपवा आणि गुडघे दाखवा. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. आपली समजूत पटेपर्यंत पोरांची हाडं वाढायची थांबत नाहीत.