मावशींचा घट्ट मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, पण मला नाटकातला समजू नका. मला ना मिशा, ना रंग. अंगभर नुसती भोकं आहेत आणि त्यांची मला मुळीच लाज वाटत नाही.

पूर्वी मी प्लॅस्टिकचा सपाट, जाळीदार तुकडा होतो. एके सकाळी टेक्निशियनताईंनी मला गरम पाण्यात बुडवलं आणि मऊ होताच एका बाईंच्या चेहऱ्यावर ताणून बसवलं. गार होईपर्यंत मी त्यांचं नाक, कपाळ, हनुवटी पाठ करून टाकली. त्या होत्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. छातीतला कॅन्सर त्यांच्या मेंदूत पोचला होता आणि डाव्या हाताची बोटं कापड धरेनाशी झाली होती. सर्जननी मेंदूतली गाठ काढली, तेव्हा कुठे बोटं पुन्हा चालायला लागली.

"गाठ काढली ना, मग आता हे कशाला?" असं मावशींनी विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की गाठ गेली तरी तिच्या जागेच्या कडेला न दिसणाऱ्या पेशी उरू शकतात. त्यांना मारणारे रेडिएशनचे किरण दिले नाहीत तर गाठ तिथेच परत येण्याची भीती असते. पाच वेळा यायचं आणि उशीर करायचा नाही. ते उशिराचं मावशींच्या मनात घर करून बसलं.

मला टेबलाला घट्ट अडकवत, म्हणजे मावशींचं डोकं केसभरही हलत नसे. लोक मला पिंजरा म्हणतात. म्हणोत बापडे! किरण नेमके त्याच जागी पडायचे, ते माझ्यामुळे.

तिसऱ्या वेळी मात्र मी घट्ट झालो. खरं तर मी होतो तेवढाच होतो. मेंदूची सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी मावशींचा चेहरा फुगला होता. तरी बोल मलाच! मावशींनी ब्र काढला नाही. बाहेर बाकावर कुणीतरी म्हणालं होतं, की नवा मुखवटा म्हणजे परत स्कॅन, परत आखणी, आठवडा गेलाच. जन्मभर गिऱ्हाइकांचे कपडे सैल करून देणाऱ्या या बाईंनी मग उलटंच ठरवलं. मुखवटा सैल होत नाही, तर आपणच बारीक व्हायचं. कुणालाही न विचारता त्यांनी त्या गोळ्या बंद केल्या.

चौथ्या वेळी त्या सुनेचा खांदा धरून आल्या. डोकं ठणकत होतं, तेही लपवलं. टेबलाजवळ डाव्या हातातून पिशवी निसटली. टेक्निशियनताई मला चेहऱ्यावर बसवायला गेल्या तर माझ्या कडा टेबलाला लागेनात आणि गालांवर जाळीचे वळ उठले. त्यांनी मला बाजूला ठेवलं.

"मावशी, खरं सांगा. कधीपासून घट्ट होतोय?"

"मागच्या वेळेपासून. गोळ्या पण सोडल्यात. म्हटलं, चेहरा उतरेल."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. गोळ्या एकदम सोडल्यामुळे मेंदूला पुन्हा सूज आली होती. "घट्ट आहे म्हणाला असतात, तर नव्या मुखवट्याला दोनच दिवस लागले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जीव घालवायला निघाला होतात." मावशी रडल्या. सूनही रडली.

गोळ्या सुरू झाल्या, बोटं परत वळायला लागली आणि दोन दिवसांत नवा मुखवटा आला. शेवटच्या दोन वेळा त्यानं केल्या. करू देत. पहिल्या तीन माझ्या आहेत.

मला टाकून देणार होते, पण मावशींनी मागून घेतलं. आता मी त्यांच्या मशीनवर टांगलेला असतो. मुलं मला बघून दचकतात. दचकू देत! काल एका मुलीनं नवा कोट घातला आणि श्वास रोखून म्हणाली, जरा घट्ट आहे, पण चालेल. मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"चालेल म्हणू नकोस. कुठे घट्ट आहे ते सांग."

मुलीनं काखेत बोट ठेवलं. मावशींनी डाव्या हातानं कापड धरलं आणि शिवण उसवायला घेतली.

मित्रांनो, तुम्हीही सांगत जा. औषध सोडायच्या आधी विचारा, दुखलं खुपलं तर बोला. मला तोंडाच्या जागी नुसती जाळी आहे, तरी मी एवढं बोललो.