आगाऊ साक्ष

मी वच्छला. लकडगंजात तिखटाच्या चक्कीवर कामाले होती. होती म्हणजे मागच्या सोमवारपर्यंत. ते कसं झालं हे मलेच अजून नीट समजलं नाही, तुम्हाले काय सांगू!

बुधवारी चक्कीच्या पट्ट्यात माझ्यासंग काम करणाऱ्या दामिनीचा हात गेला. पट्ट्यापुढची जाळी दोन महिन्यांपासून कोपऱ्यात पडून होती. सुपरवायझर जितेंद्रले मी दोनदा म्हटलं होतं, "लावून टाक नं गा." आता मालक म्हणे, सोमवारी कामगार खात्याचा साहेब येऊन राहिला, त्याले सांग, जाळी दामिनीनंच काढली. मी हो म्हटलं. काय करू? घरी कमावणारी मी एकटीच.

रविवारी प्रताप नगरच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये गेली तं डोकं भणभणून राहिलं होतं. ठरवलं होतं, सगळ्यांले विनंती करीन, मले हिंमत मिळो म्हणून प्रार्थना करा. पण उठली भलत्याच वेळी! सुशील पास्टर विचारून राहिले होते, "देवानं या आठवड्यात काय केलं, साक्ष कोण देते?" आणि मी उभी. सगळे माझ्याकडेच पाहून राहिले. तोंडातून निघून गेलं, "प्रभूनं मले हिंमत दिली. मी मालकाले तोंडावर सांगितलं, दामिनीबद्दल खोटं बोलणार नाही."

आवं माय! टाळ्या काय, हालेलूया काय, एक जण तं रडलीच. दामिनीची माय प्रयागबाई मागून उठून माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरून बसली, ते चर्च सुटेपर्यंत सोडलेच नाही. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाच्या घरात खोटं, तेही देवाच्याच नावावर!

सोमवारी साहेबानं विचारलं, "जाळी कोणी काढली?" मालक समोरच उभा. मनात म्हटलं, प्रभू, हिंमत राहू दे बाजूले, कालचं खोटं तेवढं खरं करून दे. मंग तोंड उघडलं तं सगळंच बाहेर पडलं, दोन महिने, जितेंद्र, कोपरा. हे मीच बोलून राहिली काय, तेच मले समजेना. संध्याकाळी जितेंद्रनं सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

तशीच दवाखान्यात निघाली. रस्ताभर एकच डोक्यात, हे प्रभूनं केलं, का माझ्या शरमेनं? काही उमजेना. दामिनी झोपली होती. बाहेर बाकावर प्रयागबाई बसली होती, तिच्याजवळ कबूल करून टाकलं.

"मावशी, काल मी खोटं बोलली होती वं. खरं तं आज सांगून आली."

"मले माहीत होतं," प्रयागबाई म्हणाली. "मालक शनिवारीच आमच्या घरी येऊन गेला. वच्छला त्याच्याच बाजूनं बोलणार म्हणे."

मी चक्रावलीच. "मंग माझे हात काहून धरून बसली होती?"

"सोडले असते तं तू पळाली असती."