सेरवा आजींचा चमकता गाल

मित्रांनो, मी कुमासी शहरातला एक जुना जांभळा मार्कर आहे. दोन्ही टोकांना निब, पोटात स्पिरिटची शाई आणि अंगावर इतके ओरखडे की कंपनीचं नावसुद्धा पुसलं गेलंय. खोक्यातले तपकिरी भाऊ मला फार हसायचे. "माणसाची कातडी जांभळी असते होय रे?" असं विचारायचे. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायचं.

माझी मालकीण पोकुआ माणसांची हुबेहूब चित्रं काढते. तिनेच मला पहिल्यांदा न्याय दिला. आमच्या लोकांच्या सावळ्या चेहऱ्यावर नुसत्या काळ्या रंगाने सावली दिली, तर तोंड विझलेल्या कोळशासारखं दिसतं. म्हणून डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, हनुवटीखाली आधी मी फिरतो. मग तपकिरी भाऊ माझ्यावर येतात आणि कडा एकमेकांत विरघळतात. सगळं वाळलं की रंगीत पेन्सिली येऊन सुरकुत्या, भुवया असलं नाजूक काम करतात. शाबासकी मात्र दरवेळी पेन्सिलींनाच मिळते. असो.

त्या वर्षी हरमाटानचा कोरडा वारा सुटला होता. घरमालकीण सेरवा आजी ऐंशीच्या होणार होत्या.

"माझं चित्र काढ," त्यांनी पोकुआला बजावलं. "परवा माझ्या वाढदिवसाच्या प्रार्थनेला दाराशी लावायचंय. मी माझ्यासारखी दिसले नाही, तर ही खोली रिकामी करायची."

पोकुआचं सगळं काम त्याच खोलीत चालायचं. बिचारी जीव मुठीत धरून बसली. कागदावर माझा पहिला हात फिरतो न फिरतो तोच आजी डोकावल्या.

"अगं, मला कोणी मारलंय का? तोंड काळंनिळं केलंस ते."

"आजी, वरून तपकिरी यायचाय अजून."

"बघू," म्हणून आजींनी कागदावरच्या गालाला अंगठा लावला.

आता हरमाटानात आमच्याकडे शियाच्या बियांचं लोणी अंगाला चोपडल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. आजींचे हात तर कोपरापर्यंत माखलेले. गालावर तुपकट ठसा उमटला. तपकिरी भाऊ मोठ्या ऐटीत गेले, पण शाई तिथे बसेचना. मला मनातून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पोकुआ रडकुंडीला आली आणि माझाही धीर सुटला. नव्याने काढायला वेळ नव्हता. शेवटी तिने डागाभोवती तांबूस पेन्सिल हलक्या हाताने फिरवली आणि मधोमध पांढऱ्या पेन्सिलीचा एक ठिपका दिला.

प्रार्थनेच्या सकाळी आजी आल्या. चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"गाल चमकतोय," त्या म्हणाल्या.

"हो आजी," पोकुआ म्हणाली.

"चमकणारच. मी काय त्या शेजारणीसारखी कोरडं, पांढुरकं तोंड घेऊन हिंडते?" मग त्यांनी मान तिरकी केली. "पण हा दुसरा गाल कोरडा का ठेवलास? लोक म्हणतील, म्हातारीचं लोणी संपलं."

पोकुआ तोंड उघडेपर्यंत आजींनी त्या गालावरही अंगठा दाबला होता.

"आता मी माझ्यासारखी दिसते," आजी खूश होऊन म्हणाल्या. "राहा तू इथेच."

मित्रांनो, काम झालं की आमचं टोपण घट्ट लावा, नाहीतर आम्ही वाळून जातो. आणि चित्र डोळ्यांनी बघा, बोटांनी नको. आजींना हे कोणी सांगायचं, ते मात्र मला विचारू नका.